लाल चेहऱ्याची साक्ष

मराठीत दारू ‘चढते’ किंवा ‘पचते’. ज्याला पचते त्याच्याबद्दल बोलताना आपल्या आवाजात थोडं कौतुक येतं, आणि ज्याला दोन घोटांत चढते त्याची मैफलीत चेष्टा होते. पचवणं म्हणजे जणू मनगटातला जोर. जपानी भाषेनं तर यासाठी माणसांचे दोन वर्गच केले आहेत. पिऊ शकणारा तो ‘जोगो’ आणि न पिऊ शकणारा तो ‘गेको’. हे शब्द जुने आहेत. सोळाव्या शतकातली ‘शुहानरोन एमाकी’ नावाची एक चित्रगुंडाळी आहे. तिच्यात तिघांचा वाद रंगवलेला आहे. एक जण साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, थोरवी सांगतो. दुसरा गेको आहे. तो भाताची आणि जेवणाची बाजू घेतो. तिसऱ्याचं म्हणणं असं, की दोन्ही हवं, पण बेतानं.

हा वाद चित्रकाराने आवडीनिवडीचा म्हणून रंगवला. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्यातल्या दुसऱ्या माणसासारख्या अनेकांना निवड करायला फारशी जागाच नव्हती. आजच्या जपानमध्ये दर दहांपैकी सुमारे चार जणांच्या बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. ही माणसं अर्धा पेला बिअर प्यायली तरी त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं दुखतं, मळमळतं. त्या जनुकाचं नाव एएलडीएच-२. नाव रुक्ष आहे, पण त्याचा इतिहास वाचताना मला सतत जाणवत राहिलं, की शास्त्रज्ञ चेहऱ्याच्या लालीबद्दल लिहीत असले तरी त्यांच्यासमोरचा प्रश्न फार जुना होता. माणूस पितो तो स्वभावामुळे, वंशामुळे, रक्तामुळे की संगतीमुळे? या प्रश्नाची उत्तरं गेल्या साठ वर्षांत कशी बदलत गेली, ते इथे सांगायचं आहे.

दोन पायऱ्या

आधी थोडं रसायन. पोटात गेलेलं मद्य, म्हणजे इथेनॉल, शरीर मुख्यतः यकृतात दोन पायऱ्यांत मोडतं. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. दुसऱ्या पायरीवर अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अ‍ॅसिटेट करतं. अ‍ॅसिटेट निरुपद्रवी असतं. व्हिनेगरमधल्या आम्लाचाच तो भाऊबंद. खरा उपद्रवी पदार्थ मधला आहे. अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी आहे, ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. बहुतेकांच्या शरीरात ते तयार होतं न होतं तोच दुसरं एन्झाइम त्याचा निकाल लावतं, म्हणून त्याचं अस्तित्व जाणवत नाही.

या दुसऱ्या कामात सर्वांत महत्त्वाचं एन्झाइम पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात असतं. ते घडवण्याची कृती एएलडीएच-२ या जनुकात लिहिलेली असते. कृतीत चूक असेल तर दुसरी पायरी अडते, अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लाल होतो. आज हे चार ओळींत सांगता येतं. या चार ओळींपर्यंत पोचायला मात्र बराच वेळ गेला, आणि वाटेत काही चुकीच्या वळणांवर माणसांची बदनामीही झाली.

वंशाच्या चष्म्यातून

१९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पीटर वोल्फ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचा एक छोटा लेख आला. त्यानं जपानी, तैवानी आणि कोरियन लोकांना थोडं मद्य दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याची लाली उपकरणानं मोजली. गोऱ्या अमेरिकनांवर ज्या मात्रेचा काही परिणाम दिसत नव्हता, त्याच मात्रेनं यांचे चेहरे लाल होत होते. वोल्फ इथे थांबला नाही. त्यानं तान्ह्या बाळांवरही हीच चाचणी केली. आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. फरक बाळांमध्येही होता. म्हणजे आहार, सवय, संस्कृती, पाहुण्यांसमोरचा संकोच ही सगळी स्पष्टीकरणं बाजूला पडली. फरक जन्मजात होता.

कारण मात्र वोल्फला सापडलं नाही. हा स्वायत्त मज्जासंस्थेच्या प्रतिसादातला फरक असावा, असं त्याला वाटलं. लेखाच्या शीर्षकात शब्द होते वांशिक फरकाचे. त्या काळात तशी भाषा सर्रास होती, आणि तिचे परिणाम प्रयोगशाळेबाहेरही होत होते.

याचं ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतलं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांना दारू सोसत नाही, ते प्यायले की बेभान होतात, ही समजूत गोऱ्या वसाहतींइतकीच जुनी. अमेरिकेत मूळ रहिवाशांना दारू विकण्यावर केंद्रीय कायद्यानं बंदी होती आणि ती १९५३पर्यंत टिकली. १९७१ साली कॅनडात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ रहिवाशांच्या शरीरातून मद्य गोऱ्यांपेक्षा हळू बाहेर पडतं, असा त्याचा निष्कर्ष होता. जुन्या समजुतीला विज्ञानाचा शिक्का मिळाला. १९७६ साली बेनियन आणि ली यांनी हीच तपासणी अधिक काटेकोरपणे केली. मद्य मोडण्याच्या वेगात फरक आढळला नाही, यकृतातल्या एन्झाइममध्येही नाही. पुढे जनुकीय तपासण्या झाल्या तेव्हा एएलडीएच-२चं बदललेलं रूप या समाजांत जवळजवळ नसल्याचं दिसलं. जमीन गेली, मुलं सक्तीनं निवासी शाळांत नेली गेली, व्यापाऱ्यांनी फरच्या बदल्यात दारू दिली. दारूच्या आहारी जाण्याची ही कारणं यकृतात सापडणार नव्हती. आपल्याकडेही एखाद्या जमातीचं नाव घेऊन ‘ते लोक प्यायचेच’ असं सहज बोललं जातं. ते वाक्य कानावर आलं की मला हा १९७१चा अभ्यास आठवतो.

हॅम्बुर्गमधले केस

पूर्व आशियातल्या लाल चेहऱ्याचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती वंशाऐवजी एन्झाइमकडे बघितल्यावर. पहिला संशय पहिल्या पायरीवर गेला. १९६५ साली स्वित्झर्लंडमध्ये फोन वार्टबुर्ग आणि सहकाऱ्यांना मानवी यकृतात अल्कोहोल डिहायड्रोजिनेजचा एक वेगळा, अधिक वेगवान प्रकार सापडला होता. तो बहुसंख्य जपान्यांमध्ये असतो, हे १९७५ साली लक्षात आलं. तर्क सरळ होता. पहिली पायरी भरभर झाली की अ‍ॅसिटाल्डिहाइडही भरभर तयार होणार, म्हणून चेहरा लाल. पण हिशेब जुळेना. वेगवान प्रकार बहुसंख्य लोकांत होता, आणि चेहरा मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांचा लाल होत नव्हता.

१९७९ साली हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या वेर्नर ग्योडं, शोजी हारादा आणि धरम अगरवाल या तिघांनी दुसऱ्या पायरीकडे बोट दाखवलं. एक जर्मन, एक जपानी आणि एक भारतीय वंशाचा, असे हे तिघे होते. जपानी यकृतांचे नमुने तपासताना त्यांना दिसलं, की जवळजवळ निम्म्या नमुन्यांत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजचा एक प्रकार निष्क्रिय आहे. हे प्रमाण चेहरा लाल होणाऱ्यांच्या प्रमाणाशी जुळत होतं.

आता अडचण वेगळी होती. यकृताचा तुकडा शेकडो निरोगी माणसांकडून कोण मागणार? या गटानं त्यावर साधा उपाय काढला. हे एन्झाइम केसांच्या मुळांतही तपासता येतं, असं त्यांनी दाखवलं. डोक्यावरचे थोडे केस उपटून दिले की झालं. त्यामुळे देशोदेशींच्या लोकांची तपासणी करणं शक्य झालं आणि नकाशा भरत गेला. चीन, जपान, कोरिया, तैवान, व्हिएतनाम इथे हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळला. युरोप आणि आफ्रिकेत जवळजवळ नाही. भारतातही, ईशान्येकडचे काही समाज सोडले तर, तो अतिशय दुर्मीळ आहे. इंग्रजीत या लालीला रूढपणे ‘एशियन फ्लश’ म्हणतात. त्या आशियात आपण नाही.

दोष नेमका काय, हे १९८४ साली कॅलिफोर्नियात अकिरा योशिदा आणि सहकाऱ्यांनी शोधलं. एन्झाइमची साखळी त्यांनी एकेक अमिनो आम्ल करत वाचली. ४८७व्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे लायसिन होतं. जनुकाच्या भाषेत ‘जीएए’ या त्रिकुटाऐवजी ‘एएए’. बदल एवढाच.

इथे एक प्रश्न उरतो. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर निम्मं काम तरी व्हायला हवं. तसं होत नाही, निम्म्याहून बरंच कमी होतं. याचं कारण एन्झाइमच्या रचनेत आहे. ते चार एककं एकत्र येऊन बनतं. चौघांनी खांद्यावर घेतलेल्या पालखीत एकाचा पाय लटपटला तरी चौघांची चाल बिघडते, तसं इथे होतं. चारही एककं निर्दोष असण्याची शक्यता सोळात एक. म्हणून एक सदोष प्रत असलेल्यांचाही चेहरा लाल होतो, आणि दोन्ही प्रती सदोष असलेल्यांना तर पिणं जवळजवळ अशक्य होतं.

कारखान्यातून गोळीत

हाच परिणाम औषधानं घडवता येतो, हे जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी माहीत झालं होतं. १९३७ साली एका अमेरिकी कारखान्यातल्या डॉक्टरनं नोंद केली, की रबर उद्योगात वापरल्या जाणाऱ्या एका गंधकयुक्त रसायनाशी संबंध येणारे कामगार दारू पिऊ शकत नाहीत. बिअरच्या एका पेल्यानंही त्यांचा चेहरा लाल होतो आणि छाती धडधडते. पुढे १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोघे त्याच कुळातल्या डायसल्फिरामचा जंतांवर उपयोग होतो का, ते पाहत होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ते स्वतः घेऊन बघितलं, आणि नंतर मद्य घेतल्यावर दोघांचीही अवस्था वाईट झाली. रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, हे त्यांनी शोधून काढलं आणि १९४८च्या अखेरीस ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. ‘अँटाब्यूज’ या नावानं दारू सोडवणारी गोळी बाजारात आली. ती अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजला निकामी करते, म्हणजे गोळी घेणाऱ्याला तात्पुरता गेको बनवते.

भारतात, महाराष्ट्रातही, व्यसनमुक्तीच्या उपचारांत ही गोळी वापरली जाते. आपल्याकडे जे जनुक दुर्मीळ आहे, त्याची उसनी प्रत आपण अशी गोळीतून घेतो. तिच्या वापरातली एक गोष्ट मात्र अस्वस्थ करते. ही गोळी पिणाऱ्याच्या नकळत भाजी-आमटीतून देण्याचे प्रकार होतात. घरातल्या बाईची हतबलता समजू शकते. पण गोळी पोटात आहे हे ज्याला माहीत नाही, तो नेहमीसारखा पिणार, आणि मग रक्तदाब कोसळू शकतो, हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. सुरुवातीच्या काळात मोठ्या मात्रांमुळे मृत्यू झाले, त्यानंतर मात्रा कमी केल्या गेल्या. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच ही गोळी द्यायची, हा नियम त्या अनुभवातून आला आहे. शिवाय गोळी बंद केली की शरीर काही दिवसांत पूर्ववत होतं. पिण्याचं कारण जिथल्या तिथेच असतं.

कुरिहामाचे आकडे

जन्मजात गेकोंचं काय? ते तर या गोळीच्या बंधनातून कधीच सुटत नाहीत. मग त्यांच्यात व्यसनी कोणी नसायला हवं. १९८२ साली हारादा, अगरवाल आणि ग्योडं यांनी नेमकं हेच तपासलं. सर्वसाधारण जपानी लोकांत एन्झाइमचा दोष सुमारे चाळीस टक्क्यांना होता, पण दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत जेमतेम दोन-तीन टक्क्यांना. एका जनुकाचं मानवी वर्तनावर इतकं स्पष्ट वजन क्वचितच दिसतं. गोष्ट इथेच संपली असती तर जनुकाला नशीब म्हणायला हरकत नव्हती.

पण बारा वर्षांनी आणखी काही आकडे आले, आणि या सगळ्या इतिहासात मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तोक्योच्या दक्षिणेला योकोसुका शहरात कुरिहामा हे सरकारी रुग्णालय आहे. दारूच्या व्यसनासाठीचा जपानमधला पहिला स्वतंत्र विभाग तिथे १९६३ साली सुरू झाला. तिथल्या सुसुमु हिगुची आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या सुमारे १३०० व्यसनी रुग्णांचं जनुक तपासलं आणि वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एक सदोष प्रत असलेल्यांचं प्रमाण १९७९मध्ये २.५ टक्के होतं, १९८६मध्ये ८ टक्के आणि १९९२मध्ये १३ टक्के. दोन्ही प्रती सदोष असलेला रुग्ण मात्र एकही नव्हता.

तेरा वर्षांत कुठल्याही समाजाची जनुकं पाचपटीनं बदलत नाहीत. जनुक तेच होतं, बदलला होता जपान. भरभराटीच्या त्या वर्षांत कामानंतर साहेबांबरोबर पिणं हा नोकरीचाच भाग झाला होता. पिणं आणि संवाद यांची सांगड घालणारा ‘नोमुनिकेशन’ हा जोडशब्द रूढ होता. मंडळी टाळ्या वाजवत ‘इक्की! इक्की!’ ओरडायची आणि मधोमध उभ्या केलेल्या पोरानं पेला एका दमात संपवायचा. १९८५ साली तिथल्या वर्षातल्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारांत या आरोळीचा मान झाला. लाल चेहऱ्यानं नाही म्हणणारा सगळ्यांच्या रंगाचा बेरंग करत होता. रोज थोडं थोडं पिऊन मळमळीची सवय करता येते, आणि त्या सवयीमागोमाग व्यसन लागतं. शरीर पहिल्या घोटापासून ‘नको’ म्हणत होतं, आणि तरी ही माणसं व्यसनी झाली.

त्याची किंमतही त्यांनीच अधिक मोजली. कुरिहामातल्याच अकिरा योकोयामा यांच्या अभ्यासांतून १९९०च्या दशकात पुढे आलं, की एक सदोष प्रत असूनही पीत राहणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. साचलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड आपलं काम करत राहतं. दोन्ही प्रती सदोष असलेले पीत नाहीत, म्हणून वाचतात. निर्दोष प्रती असलेल्यांच्या शरीरात विष साचत नाही. मधला माणूस, ज्याला कसंबसं पिता येतं, तो सर्वांत धोक्यात. जगात या जनुकाची एक तरी सदोष प्रत बाळगणारे सुमारे ५४ कोटी लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांना लाल चेहरा म्हणजे फक्त थट्टेचा विषय वाटतो.

जपानमध्ये पुढे या जबरदस्तीला नाव मिळालं, ‘आरुहारा’, म्हणजे दारूवरून होणारी छळवणूक. डिसेंबर २०१३मध्ये मद्यामुळे होणाऱ्या आरोग्यहानीविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत झाला. कायदा आला, पण जनुक कळल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

बेतानं पिणाऱ्याचा निकाल

त्या चित्रगुंडाळीतल्या तिसऱ्या माणसाचा, बेतानं पिणाऱ्याचा, निकाल अजून राहिला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे दिवस फारच चांगले होते. थोडं पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी होतो, असे अभ्यास येत होते. रेड वाइन औषधासारखी सांगितली जात होती. शंका अशी होती, की न पिणाऱ्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही असतात, आणि बेतानं पिणारे अनेकदा सुस्थितीतले, डॉक्टरकडे वेळेवर जाणारे असतात. मग श्रेय दारूचं की सुस्थितीचं? हे वेगळं कसं करायचं?

उत्तर याच जनुकानं दिलं. कुणाला कुठली प्रत मिळणार, याची सोडत गर्भधारणेच्या वेळीच निघते. तिच्यात उत्पन्न, शिक्षण, आवडनिवड काही चालत नाही. निसर्गानं आधीच लोकांची वाटणी केलेली आहे, काहींना पिणं सोपं, काहींना अवघड. चीनमधल्या दहा भागांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला, त्यांतल्या सुमारे १ लाख ६० हजार जणांची जनुकं तपासली गेली, आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. लोकांनी स्वतः सांगितलेलं पिणं बघितलं, तर बेतानं पिणाऱ्यांना पक्षाघात सर्वांत कमी दिसत होता. जनुकांवरून ठरवलेलं पिणं बघितलं, तर तो फायदा नाहीसा झाला. जितकं पिणं जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त. हृदयविकाराच्या झटक्याबाबत चित्र इतकं स्पष्ट नव्हतं.

शंकेखोराचा पुढचा प्रश्न असा, की पक्षाघात कदाचित दारूमुळे नसेल, जनुकच दुसऱ्या एखाद्या वाटेनं तो घडवत असेल. त्याचं उत्तर बायकांनी दिलं. तिथल्या ग्रामीण आणि शहरी बायकांत जनुकं पुरुषांसारखीच होती, पण पिणाऱ्या अगदी थोड्या. त्यांच्यात या जनुकांचा पक्षाघाताशी संबंध दिसला नाही. म्हणजे दोष पेल्यातल्या द्रवाचाच होता.

हे जनुक पूर्व आशियात इतकं पसरलं कसं, यावर अजून एकमत नाही. मद्य वेगानं मोडणारा पहिल्या पायरीवरचा प्रकार आणि भातशेतीचा प्रसार यांचा नकाशा जुळतो, असं काही चिनी संशोधकांनी दाखवलं आहे. हनान प्रांतातल्या जियाहू इथल्या मडक्यांत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, तांदूळ, मध आणि फळांपासून आंबवलेल्या पेयाचे अंश सापडले आहेत. म्हणजे तांदूळ आणि दारू यांची ओळख फार जुनी आहे. पण व्यसनापासून वाचणं हा फायदा एखादं जनुक पसरवायला पुरेसा असतो का, यावर वाद आहे.

या साऱ्या इतिहासातून मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढतो. कोण प्याल्यावर बेभान होईल, कोण होणार नाही, हे वंशावरून सांगणाऱ्यांना प्रयोगशाळेनं खोटं ठरवलं. ते जनुकावरून सांगता येईल असं वाटणाऱ्यांना कुरिहामाच्या १३ टक्क्यांनी खोटं ठरवलं. शरीर पिण्याची किंमत ठरवतं, आणि ती प्रत्येकाला वेगळी. ती मोजायला कुणाला भाग पाडायचं, हे मात्र भोवतालची माणसं ठरवतात. मैफलीत कुणी हात आडवा धरून नको म्हणाला, तर त्याचा चेहरा लाल झालाय की नाही हे बघण्याची गरज नाही. त्याचं ‘नको’ तेवढ्यावर मान्य करावं.